तानाग्राच्या मातीच्या बाया आणि माझे साचे

ओवी_पिरेअस | ११ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते मात्र पहिल्यांदाच.

नवऱ्याच्या जहाजावरच्या नोकरीमुळे गेली सहा वर्षं आम्ही ग्रीसमध्ये पिरेअसला राहतो. आमच्या बंदरातून निघणारी हिरव्या मार्गाची मेट्रो थेट मारूसीला जाते. मारूसी हे अथेन्सचं उपनगर, पूर्वीपासून कुंभारकामासाठी ओळखलं जाणारं. तिथे एका छोट्या कार्यशाळेत मी चार वर्षांपासून आठवड्यातून दोनदा जाते. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, आम्ही सगळ्याजणी त्यांना किरिया म्हणतो, म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'सारखंच. पहिलं वर्ष वाडगे आणि सुरया यांत गेलं. मग एके दिवशी किरियांनी अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात नेलं आणि मातीच्या मूर्तींच्या कपाटासमोर उभं केलं. तेव्हापासून मी दुसरं काही केलेलं नाही.

त्या मूर्तींना तानाग्रा म्हणतात. तानाग्रा हे अथेन्सच्या उत्तरेला बिओशिया प्रांतातलं प्राचीन नगर. कोरिन्ना नावाची कवयित्री तिथलीच. १८७० च्या सुमारास तिथल्या गावकऱ्यांना जुन्या थडग्यांमध्ये या मूर्ती सापडायला लागल्या आणि पुढच्या काही वर्षांत हजारो थडगी उकरली गेली. मूर्ती इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिसऱ्या शतकापर्यंतच्या, उंची साधारण वीतभर. देव-देवता कमी, साध्या बायका जास्त. कुणी अंगभर वस्त्र लपेटून उभी, कुणाच्या हातात पंखा, कुणाच्या डोक्यावर टोकदार उन्हाची टोपी. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्या मांडल्या आणि युरोप वेडा झाला. तोपर्यंत ग्रीक कला म्हणजे संगमरवरी वीर आणि देव. घरातल्या कपाटावर ठेवता येईल अशी, विचारात हरवलेली बाई कुणी पाहिलीच नव्हती.

मी या मूर्तींच्या प्रतिकृती हाताने करते. कशा, ते सांगते.

आधी मूळ नमुना मातीत घडवायचा. संग्रहालयातल्या मूर्तीचा साचा घेता येत नाही आणि घेऊही नये, म्हणून मी समोर बसून चारी बाजूंनी चित्रं काढते. मग त्या नमुन्यावरून दोन साचे, पुढचा आणि मागचा. डोकं वेगळ्या साच्यातून. हातही बाहेर आलेले असतील तर वेगळे. प्राचीन कारागीर नेमकं असंच करत. एकाच धडावर वेगवेगळी डोकी लावायची, मान थोडी वळवायची, एकीच्या हातात पंखा द्यायचा, दुसरीच्या हातात फळ. चार-पाच साच्यांतून घोळकाभर बायका तयार. म्हणून सगळ्या एका घरातल्या वाटतात, तरी एकीसारखी दुसरी नसते.

साच्यात माती बोटांनी दाबून बसवायची, जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीची. ती आक्रसून साच्यापासून सुटली की दोन्ही अर्धी बाहेर काढून कडा खरवडायच्या, पाण्यात कालवलेल्या त्याच मातीने सांधायच्या. आत मूर्ती पोकळ. मूळ मूर्तींच्या पोकळीत कारागिराच्या बोटांचे ठसे अजून दिसतात. पाहणारे चेहरा बघतात, मी फुटलेली मूर्ती दिसली की आधी आत डोकावते.

पाठ बहुतेक सपाट, आणि त्या पाठीत एक भोक, चौकोनी नाहीतर गोल. मी पहिल्या मूर्तीला ते ठेवलं नव्हतं. इतक्या सुंदर पाठीला भोक कशाला, असं वाटलं. तळही बंद केला होता. भट्टीत तिच्या ठिकऱ्या झाल्या, शेजारच्या दोन मूर्तींनाही तिने नेलं. आत कोंडलेल्या ओलाव्याची वाफ होते, तिला वाट हवी. किरिया काही बोलल्या नाहीत, फक्त एक ठिकरी माझ्या हातात ठेवली. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

सगळ्यात जास्त वेळ मला वस्त्राने घेतला. आतला पायघोळ खितोन, वरून लपेटलेलं हिमातिओन. चित्रं काढताना एक गोष्ट कळत नव्हती. वरच्या वस्त्राच्या चुण्या खांद्यावरून तिरक्या उतरतात, पण त्यांच्या खालून पायांवर उभ्या चुण्याही दिसतात. एकाच जागी दोन दिशांच्या चुण्या कशा? दोन महिने मी त्या चुकीच्या घडवल्या. मग एकदा आईचं इरकली लुगडं खुर्चीच्या पाठीवर टाकलं होतं आणि त्यावर माझी चंदेरी ओढणी पडली. ओढणीच्या तिरक्या घड्यांतून खालच्या लुगड्याच्या उभ्या निऱ्या स्पष्ट दिसत होत्या. वरचं वस्त्र तलम आहे, हे त्या कारागिराने मातीत दाखवलं होतं! भाजलेल्या मातीत तलमपणा. त्या दिवशी मी रडले, खरंच.

आतापर्यंत एकवीस मूर्ती पूर्ण झाल्यात. कुणाला यातलं काही माहीत असेल, कुणी मातीत काम करत असेल, तर बोलायला आवडेल.

---

भर_दुपार | ११ नोव्हेंबर, रात्री १०:५२

लुगड्याचा परिच्छेद दोनदा वाचला. फोटो टाका ना ताई. आणि विकत देता का?

---

चाकावरचा | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

ताई, आम्ही कुंभार. फलटणकडचे. आजोबांपर्यंत रांजण, माठ, बैलपोळ्याचे बैल, सगळं व्हायचं. आता माठ आणि पणत्या. तुमचं लिखाण आईला वाचून दाखवलं. तिचे प्रश्न असे: माती कुठली? त्यात काय मिसळता? अर्धा सेंटिमीटरची भिंत वाळताना तडकत नाही का? आम्ही मातीत घोड्याची लीद आणि राख घालतो, लीद जळून गेली की बारीक पोकळ्या राहतात आणि भांडं दम धरतं. तुम्ही भाजता कशात, आवा की भट्टी?

---

ओवी_पिरेअस | १२ नोव्हेंबर, दुपारी २:३०

@भर_दुपार, फोटो रविवारी टाकते, उजेड चांगला असेल तेव्हा. विकत नाही. तीन मैत्रिणींना दिल्यात, तेवढंच.

@चाकावरचा, आईंना माझा नमस्कार सांगा. माती इथलीच, लाल, लोह भरपूर असलेली. दहा किलोच्या पुड्यात मळलेली मिळते. मी त्यात जुन्या भाजलेल्या खापऱ्या कुटून, चाळून त्यांची भुकटी घालते, दहा वाट्या मातीला एक वाटी. त्याने आक्रसणं कमी होतं आणि तडा थांबतो. लीद घालून पाहिली नाही, पण तुम्ही सांगितलेलं कारण अगदी पटलं. वाळवताना ओलं फडकं टाकून, वर प्लास्टिक, आणि रोज थोडं थोडं उघडं करायचं. घाई केली की मान तडकते. भट्टी विजेची आहे, आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास नेतो. प्राचीन मूर्तीही फार तापवलेल्या नसत, म्हणूनच त्या मऊ आहेत.

---

तेरची_वाट | १२ नोव्हेंबर, रात्री ११:२०

पुरातत्त्वात एम.ए. करते आहे. धागा पाहून राहवलं नाही, थोडं सविस्तर लिहिते.

भूमध्य समुद्राकाठच्या कलेच्या मातीच्या प्रतिकृती, हा उद्योग आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी झालेला आहे. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे सातवाहन काळातलं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर हे फार मोठं नगर, असं त्यात म्हटलंय. तिथून कापड गाड्यांमधून भडोचला जाई.

या तेरला मातीच्या गोल चकत्या सापडल्यात. रोमन सम्राट टायबेरियसच्या नाण्यांवरून उठवलेला मुखवटा, आणि वर ओवायला भोक किंवा कडी. म्हणजे गळ्यात घालायचं पदक! सोन्याचं नाणं ज्याला परवडत नाही त्याने मातीचं घातलं असणार, असं मला वाटतं. अशा चकत्या तेलंगणातल्या कोंडापूरलाही मिळाल्या आहेत. कुणा कुंभाराच्या हातात खरं नाणं आलं, त्याने ते ओल्या मातीत दाबलं, तो ठसा भाजून साचा केला. ओवीताई करतात तेच.

दुसरं, तेरच्या मूर्ती. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांतून काढलेल्या, आतून पोकळ. बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की दोन साच्यांची ही रीत रोमन जगाशी आलेल्या व्यापारी संबंधांतून आपल्याकडे रुळली. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या जवळून पाहता येतात. मी तीनदा गेलेय. कानातल्या, केसांतल्या दागिन्यांचा तपशील इतका बारीक की भिंग लागतं. उलट दिशेने गेलेली एक गोष्टही सांगते. १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईला एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आज नेपल्सला आहे. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्यात.

ओवीताई, तेरला याल तेव्हा मला कळवा. मी येते.

---

चाकावरचा | १३ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

मातीचं नाणं गळ्यात घालायचे! हे आम्हाला कुणी शाळेत सांगितलं नाही.

---

सावध_वाचक | १३ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

लेख मनापासून आवडला, तरी एक काळजी बोलून दाखवतो. प्रतिकृती आणि बनावट यांत फार बारीक रेघ आहे. तानाग्रा मूर्तींना भाव आल्याबरोबर एकोणिसाव्या शतकातच खोट्या मूर्तींचा पूर आला आणि मोठमोठ्या संग्रहालयांनी त्या विकत घेतल्या.

मातीच्या बनावटीचं सर्वात मोठं प्रकरण इटलीतलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९१५ ते १९२१ या काळात तीन भव्य इट्रुस्कन, म्हणजे रोमच्या आधी इटलीत नांदलेल्या लोकांच्या समजल्या गेलेल्या, मूर्ती घेतल्या: दोन योद्धे आणि एक प्रचंड मोठं शिर. १९३३ मध्ये थाटात मांडल्या. त्या घडवल्या होत्या ओर्विएतो परिसरातल्या रिकार्डी कुटुंबाने आणि अल्फ्रेडो फिओरावंती या त्यांच्या साथीदाराने. एवढी मोठी मूर्ती मावेल अशी भट्टी त्यांच्याकडे नव्हती. म्हणून मूर्ती उभी करायची, रंगवायची, मग ती तोडायची आणि तुकडे भाजायचे. तुकडे झाल्यामुळे ती आपोआप उत्खननातली वाटायची.

पकडलं कुणी, तर रंगाने. त्याच संग्रहालयातल्या जोसेफ नोबल यांनी १९६० च्या सुमारास काळ्या लेपाची तपासणी केली, त्यात मँगनीज निघालं. प्राचीन कारागीर काळा रंग मँगनीजने आणत नसत, तो लोहाच्या मातीतून भट्टीतला धूर आणि हवा सांभाळून आणत. १९६१ च्या जानेवारीत फिओरावंतीने रोममध्ये अमेरिकन वकिलातीत कबुली दिली. पुरावा म्हणून त्याने खिशातून काय काढलं? एका योद्ध्याचा तुटका अंगठा. त्याने तो इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि तो हाताला बरोबर बसला.

ताई, तुमच्या मूर्ती इतक्या चांगल्या होत असतील तर उद्या तुमच्या मैत्रिणीच्या नातवाने ती 'आजीकडची प्राचीन मूर्ती' म्हणून विकली तर?

---

ओवी_पिरेअस | १३ नोव्हेंबर, रात्री १०:१०

@तेरची_वाट, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला आणि मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. पुढच्या उन्हाळ्यात तेर नक्की.

@सावध_वाचक, काळजी अगदी योग्य आहे. किरियांचा पहिला नियम तोच. मूर्ती ओली असतानाच तळाला आतून-बाहेरून 'आन्टिग्राफो' म्हणजे 'प्रत' असा शिक्का, वर्ष आणि माझी खूण. भाजल्यावर कोरलेलं घासून काढता येतं. ओल्या मातीत खोल दाबलेलं काढायला गेलं तर तळच फुटतो. आणि हे काही प्राचीन रीतीला सोडून नाही. आशिया मायनरमधल्या मिरिना इथल्या मूर्तींच्या पाठीवर कारागिरांची नावं मिळतात, दिफिलोस हे त्यातलं एक. ज्याने केलं त्याने नाव घालावं.

ग्रीसमध्ये प्राचीन वस्तूंचा कायदा कडक आहे, २००२ चा ३०२८ क्रमांकाचा. इथून कुणी प्रतिकृती घेऊन भारतात जाणार असेल तर दुकानाचं बिल सामानात ठेवावं, विमानतळावर विचारू शकतात.

पण तुमच्या प्रश्नामागचा मोठा प्रश्न मला चार वर्षं छळतोय. मूळ कशाला म्हणायचं?

माझी माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण आठ टक्के आक्रसते. वीस सेंटिमीटरचा नमुना असेल तर साच्यातून निघालेली मूर्ती १८.४ सेंटिमीटरची होते. आता नमुना हरवला आणि मी या मूर्तीवरूनच नवा साचा केला, तर पुढची १६.९. तिच्यावरून पुढची १५.६. प्राचीन कारागीर हेच करत. दुसऱ्या गावच्या बाजारातून मूर्ती आणायची, तिच्यावरून साचा करायचा. त्यामुळे एकच बाई अथेन्समध्ये मोठी असते, दुसऱ्या गावात जरा लहान, समुद्रापलीकडे आणखी लहान, आणि चेहरा दर पिढीला थोडा पुसट. अभ्यासक मूर्ती मोजून तिची पिढी लावतात. म्हणजे काचेच्या कपाटात 'मूळ' म्हणून ठेवलेली बाईसुद्धा साच्यातून निघालेली कुणाची तरी नात किंवा पणती आहे. पहिला नमुना मेणाचा किंवा मातीचा होता आणि तो बहुधा कधीच गेला.

म्हणून मला प्रत हा शब्द कमी वाटत नाही. फसवणूक वाईट, प्रत वाईट नाही. मी साचा करते तेव्हा त्या कारागिराच्या मुळीच विरोधात जात नाही, त्याच्या कामाची रीतच पुढे नेते. फक्त वर्ष खरं लिहायचं.

---

शाडूचा_हात | १४ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

पेणहून. तिसरी पिढी गणपतीच्या कामात.

ताई, तुमच्या पिढ्यांच्या हिशेबाला आमच्या कारखान्यातली साक्ष देतो. साच्यावरून काढलेल्या मूर्तीवर परत साचा घेतला की पहिल्यांदा नाकाचा शेंडा आणि पापणीची कड जाते. मग बोटांमधल्या फटी. म्हणून मूळ नमुना आम्ही जिवापाड सांभाळतो. वडिलांनी घडवलेला एक नमुना आहे, त्याला आम्ही हातही धुऊन लावतो. आम्ही शाडू भाजत नाही, त्यामुळे आक्रसणं कमी, पण पुसट होणं तेच.

एक विचारायचं होतं. साचा दोनच भागांचा, मग हनुवटीखाली, काखेत माती अडकत नाही? आम्ही हल्ली रबराचा साचा वापरतो, तो सोलून निघतो. प्लास्टरचा असेल तर अशा जागी तुकडे वाढवावे लागतात.

---

ओवी_पिरेअस | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:००

तुमच्या प्रश्नातच तानाग्राचं सगळं सौंदर्य आहे, असं मला आता वाटायला लागलंय! त्या बायका हात वस्त्राच्या आत का घेतात? कोपर अंगाशी, पंजा हिमातिओनच्या खाली, हनुवटीपर्यंत वस्त्र ओढलेलं. आपण म्हणतो लाजरी, विचारमग्न. ते आहेच. पण साचेकाराच्या नजरेने पाहा: काख नाही, फट नाही, माती अडकेल अशी एकही जागा नाही. वस्त्राने सगळं झाकून दिलंय आणि दोन भागांचा साचा अलगद सुटतो. जिथे अडकेल तिथे, म्हणजे मानेला, त्यांनी डोकंच वेगळं केलं. हे माझं निरीक्षण आहे, पुस्तकातलं नाही, पण वीस-बावीस साचे करून झालेलं आहे.

मी प्लास्टरचा साचा वापरते, ते पाणी शोषतं आणि मूर्ती लवकर सुटते. प्राचीन साचे भाजलेल्या मातीचे मिळतात, प्लास्टरचेही होते.

---

शाडूचा_हात | १४ नोव्हेंबर, दुपारी ४:२२

पटलं. आमच्याकडेही बसका, अंगाशी हात असलेला गणपती साच्याला सोपा. उभा, चार हात पसरलेला केला की हात वेगळेच लावावे लागतात.

---

उत्तरेकडचा | १४ नोव्हेंबर, रात्री ११:५०

स्टॉकहोमहून लिहितोय. इथल्या भूमध्य संग्रहालयात जाऊन आलो आणि या धाग्याची आठवण झाली. सायप्रसमधल्या आयिया इरिनी इथे १९२९ मध्ये स्वीडिश मोहिमेला देवळाच्या आवारात सुमारे दोन हजार मातीच्या मूर्ती सापडल्या. वेदीभोवती अर्धवर्तुळात उभ्या, लहान पुढे, मोठ्या मागे. काही बोटभर, काही माणसाएवढ्या. निम्म्या इथे आल्या, बाकीच्या सायप्रसच्या राजधानीत, निकोसियाला. इथे त्या तशाच रांगेत मांडल्यात. त्यांच्यासमोर उभं राहिलं की आपणच वेदीच्या जागी आहोत आणि सगळे आपल्याकडे बघताहेत असं होतं. बहुतेक चाकावर फिरवलेल्या नळीचं अंग, वरून हाताने चिमटून काढलेलं नाक. तानाग्रासारखी नजाकत नाही, पण मला या जास्त भिडल्या. प्रत्येक मूर्ती म्हणजे कुणीतरी देवापाशी ठेवून गेलेला आपला माणूस.

---

भर_दुपार | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

नवसाच्या मूर्ती! वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात तसं ग्रीसमध्ये होतं का?

---

तेरची_वाट | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

होतं. करिंथला आस्क्लेपिओस या वैद्यदेवाच्या ठिकाणी भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान, अगदी खऱ्या मापाचे, ढिगाने मिळालेत. तिथल्या संग्रहालयात त्यांचं दालन आहे.

---

मंजिष्ठ | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३५

चित्रकार आहे. आज टाकलेले फोटो पाहिले. ताई, काम सुरेख आहे, पण रंग फार भडक नाही झाले? गुलाबी पदर, निळा काठ, लाल केस. मी पुस्तकांत पाहिलेल्या तानाग्रा मातकट, फिक्या, शांत असतात. थोडा चहाचा हात फिरवला आणि घड्यांमध्ये माती चोळली तर जुनेपण येईल.

---

ओवी_पिरेअस | १६ नोव्हेंबर, रात्री ९:१५

यावर मी कार्यशाळेतही भांडलेय, म्हणून इथेही जरा जोरात बोलते, राग मानू नका.

त्या मूर्ती फिक्या नव्हत्या. पांढऱ्या मातीचा पातळ लेप भाजण्याआधी द्यायचे आणि रंग भाजल्यानंतर. भट्टीत न गेलेला रंग, वर दोन हजार वर्षं ओल्या मातीत. तो उडणारच. ज्यांचा टिकलाय त्या पाहा. लूव्र संग्रहालयात एक मूर्ती आहे, तिचं नावच 'निळी बाई'. वस्त्र अजून निळं आहे, काठाला सोनं आहे. निळा म्हणजे इजिप्शियन निळा: तांबं, चुना आणि वाळू तापवून केलेला, माणसाने कृत्रिम रीतीने बनवलेला अगदी आद्य रंग. आज डोळ्याला न दिसणारे त्याचे कणसुद्धा खास कॅमेऱ्यात उजळून दिसतात, त्यावरून कुठे निळा होता ते कळतं. गुलाबी मंजिष्ठाच्या कुळातल्या मुळीचा, तुमच्या नावाचाच! बाकी गेरू, पिवडी, काजळी. मी तेच रंग डिंकात खलून लावते.

चहाचा हात मी कधीच फिरवणार नाही. इथल्या पर्यटकांच्या गल्लीत मला एका दुकानदाराने चहात बुडवलेली प्लास्टरची मूर्ती 'हाताने घडवलेली मातीची' म्हणून दिली होती, पहिल्याच वर्षी. वाजवून पाहिली तर ठक्क आवाज, आत भरीव, तळाला कोरडी पांढरी भुकटी. मी जुनेपण चढवलं तर मी दोन हजार वर्षांच्या झिजेची नक्कल करेन, त्या कारागिराच्या कामाची नाही. त्याच्या हातून बाई ताजी, रंगीत बाहेर पडली होती. माझीही तशीच पडू दे.

---

मंजिष्ठ | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

राग कसला. फिका रंग मला जुन्या मूर्तीत आवडतो, तो मी नव्यावर लादत होतो, हे बरोबर आहे. तरी गुलाबी एक छटा उतरवा, मुळीचा रंग पातळ थरांत जास्त खुलतो. तीन पातळ हात द्या, एक जाड नको.

---

सावध_वाचक | १७ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

चहाचा मुद्दा आवडला. एक पुस्ती: अशा लटक्या जुनेपणाला आता शास्त्र फसत नाही. मातीतल्या स्फटिककणांत वर्षानुवर्षं किरणोत्साराची ऊर्जा साठते, भट्टीत तापवलं की ती रिकामी होते. चिमूटभर माती पुन्हा तापवून निघणारा प्रकाश मोजला की शेवटची भाजणी कधीची ते कळतं. युरोपातल्या संग्रहालयांतल्या कित्येक तानाग्रा या तपासणीत एकोणिसाव्या शतकातल्या निघाल्या.

---

चाकावरचा | २ डिसेंबर, रात्री ८:४०

धागा वर आणतोय. आम्ही करून पाहिलं.

ताईंच्या फोटोवरून मी नमुना घडवला. बाई ग्रीक राहिली नाही, आईसारखी दिसायला लागली, मग तशीच ठेवली. भाजलेल्या मातीचे दोन साचे केले. पाच मूर्ती काढल्या. माती आमचीच, नदीकाठची, लीद आणि राख घालून. आव्यात माठांच्या मधे ठेवल्या, वर पाचट आणि गोवऱ्या.

पाचांतल्या तीन चांगल्या आल्या. एकीच्या मानेला तडा आहे. पाचवी फुटली. नंतर कळलं की आईने वाळत घातलेल्या मूर्ती पाहिल्या, एकीच्या पाठीत भोक राहिलंय असं तिला वाटलं आणि तिने ते मायेने बुजवून टाकलं. बाकीच्यांची भोकं भिंतीकडे होती म्हणून वाचली. तिला कारण सांगितलं तेव्हा ती म्हणाली, आम्ही मातीचा बंद मोर करायचो, त्याच्या पोटाखाली काडीने टोचायचो, ते मी कसं विसरले.

एका मूर्तीच्या अर्ध्या अंगावर धुराचा काळा पट्टा आलाय. आईला तीच आवडली, देवळीत ठेवलीय. तळाला वर्ष घातलंय आणि 'फलटण'.

मानेच्या तड्याचं काय करू? पुढच्या वेळी डोकं कधी लावायचं?

---

ओवी_पिरेअस | २ डिसेंबर, रात्री १०:०५

दादा, काळ्या पट्ट्याच्या मूर्तीचा फोटो टाकाच.

मानेचं असं: डोकं आणि धड सारखंच ओलं असायला हवं. तुमचं डोकं लहान, ते आधी वाळलं असणार. धड नंतर आक्रसलं आणि सांधा ओढला गेला. डोकं साच्यातून काढलं की ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. धड बोटाने दाबल्यावर ठसा उमटेल पण माती बोटाला चिकटणार नाही, इतकं झालं की दोन्हीकडे काट्याने ओरखडे काढा, कालवलेली माती लावा आणि डोकं बसवताना अर्धा आटा फिरवून दाबा. मग मानेभोवतीच ओलं फडकं, दोन दिवस. आईंना सांगा, सांध्यावर बोट फिरवायचं ते खालून वर.

---

चाकावरचा | ३ डिसेंबर, सकाळी ६:१०

सांगितलं. आई म्हणते, खालून वरच फिरवते. आज दुपारी सहा काढतोय.